जुन्या गाडीचा इलेक्ट्रिक अँटेना अडकतो? मोटर बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

रेडिओ लावला की मोटर फिरल्याचा घर्रर्र आवाज येतो, पण दांडी जागची हलत नाही. हा सगळ्यांत नेहमीचा प्रकार. आतली नायलॉनची दातेरी दोरी तुटलेली असते किंवा तिचे दात झिजलेले असतात.

दांडी अर्धी वर येते, अडखळते, कट-कट करते आणि थांबते. हाताने किंचित आधार दिला की उरलेली वर जाते. इथे मळ, वाकलेली दांडी किंवा कमी व्होल्टेज, या तिघांपैकी एक.

वर जाते, पण रेडिओ बंद केल्यावर खाली येत नाही. बॅटरीतून थेट येणाऱ्या वायरचा किंवा आतल्या लिमिट स्विचचा (दांडी टोकाला पोहोचली की मोटर थांबवणारा स्विच) संशय घ्या.

दांडी पूर्ण वर पोहोचली तरी मोटर थांबायचं नाव घेत नाही. हे लक्षण सर्वांत तातडीचं. दांडी खाली गेल्यावरही मोटर अशीच फिरत राहिली, तर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

काहीच आवाज नाही. फ्यूज, वायर, अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी), रिले (इशारा मिळाला की मोटरचा करंट जोडणारा स्विच) या क्रमाने जायचं. मोटर सगळ्यांत शेवटी.

दांडी झकास वर-खाली होते, पण स्टेशन खरखरतं. हे दुखणं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

आणि एक शेवटचं: नवा स्टिरिओ बसवल्यापासून मोबाइलवरून गाणी लावली की दांडी खाली जाते, किंवा रेडिओ बंद असूनही चावी फिरवली की वर येते. यात बिघाड काहीच नाही, जोडणी कोणत्या वायरीवर झाली आहे एवढाच प्रश्न; तेही पुढे येईल.

बरीच वर्षं मी इंदूरमध्ये या अँटेनांची दुरुस्ती करतो आहे. येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला आधी कोणीतरी एकच सल्ला दिलेला असतो: मोटर गेली, अख्खा अँटेना बदला; नाहीतर भोक बुजवा आणि काचेवर चिकटवायचा पट्टीवाला अँटेना लावा. हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. मोटर क्वचितच जाते. जाते ती दोरी, साचते ती धूळ, गंजतो तो अर्थिंगचा स्क्रू. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ किंवा डब्ल्यू १२४ वर कंपनीने बसवलेला हिर्शमन या जर्मन कंपनीचा अँटेना असेल, तर त्याचा मोटर-गिअरचा संच आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही 'युनिव्हर्सल' अँटेनापेक्षा दणकट आहे. १९९५ पासून पुण्यात जुळणी झालेल्या ई २२० (डब्ल्यू १२४) गाड्या आपल्याकडे अजून चांगल्या स्थितीत सापडतात. त्यांच्या डिकीत डावीकडच्या कव्हरमागे हाच संच असतो. तो भंगारात जाताना बघवत नाही.

आत असतं तरी काय

हे समजलं की तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो. एक छोटी डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचं गिअर), वर्मला लागलेलं मोठं गिअर, आणि त्या गिअरच्या दातांत अडकलेली नायलॉनची दोरी. दोरीचं वरचं टोक दांडीच्या सगळ्यांत बारीक नळीला पक्कं केलेलं असतं, खालचा भाग एका गोल डबीत गुंडाळलेला. मोटर एका दिशेने फिरली की दोरी वर ढकलली जाते आणि नळ्या एकेक करून उघडतात. उलट फिरली की दोरी ओढली जाते आणि नळ्या एकमेकींत बसतात. गिअरमध्ये घसरणारा क्लच असतो. दांडी टोकाला पोहोचली किंवा वाटेत अडली तर मोटर जळू नये म्हणून तो क्लच घसरतो, आणि तेव्हाच तो कट-कट आवाज येतो. टोकाला पोहोचल्यावर क्षणभर कट-कट झाली तर ते ठीक. वाटेत झाली तर काहीतरी अडतंय.

वायरी मुख्यतः तीन: बॅटरीतून कायम येणारे १२ व्होल्ट, अर्थ, आणि रेडिओकडून येणारी इशाऱ्याची वायर. इशारा आला की वर, इशारा गेला की खाली. खाली येण्यासाठी लागणारा करंट त्या कायमच्या वायरीतून येतो, म्हणूनच 'वर जाते पण खाली येत नाही' या तक्रारीत मी आधी ती वायर बघतो.

फुकटच्या तपासण्या

पहिलं काम कानाचं. गाडीचं इंजिन बंद, काचा वर, पंखा बंद. एकाने आत बसून चावी फिरवायची आणि रेडिओ लावायचा, दुसऱ्याने अँटेनाजवळ कान द्यायचा. गेल्या वर्षी रामबागेतले एक काका गाडी घेऊन आले. "अरे, मोटर जळली म्हणतात, नवी मागव," म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही रेडिओ लावा, मी मागे उभा राहतो." मोटर स्वच्छ फिरत होती. जळलेली मोटर फिरत नाही. दोन मिनिटांत निदान झालं: दोरी.

तर ऐका. मोकळा, हलका, पटपट फिरणारा आवाज आला तर मोटरवर भारच नाही, म्हणजे दोरी तुटली. जड, कुंथल्यासारखा आवाज आला तर मोटर ओढते आहे पण दांडी अडली आहे. आत एकच 'टक' झालं आणि पुढे शांतता, तर रिले लागतो आहे पण मोटरपर्यंत करंट जात नाही, किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे तुकडे) झिजलेत. 'टक'सुद्धा नाही, तर इशाराच पोहोचत नाही किंवा फ्यूज उडाला आहे.

दुसरी तपासणी बॅटरीची. इंजिन सुरू करून तोच प्रयोग पुन्हा करा. इंजिन चालू असताना दांडी पूर्ण वर जात असेल आणि बंद असताना अर्ध्यात अडत असेल, तर दांडीत मळ आहेच, शिवाय व्होल्टेजही कमी पडतंय. चांगली चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. महिनोन्‌महिने कव्हरखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत बॅटरीच निम्म्या तक्रारींचं मूळ असते. ती आधी चार्ज करा, मग अँटेनाकडे वळा.

तिसरी, फ्यूज. जुन्या जर्मन गाड्यांत चिनी मातीचे, टोकाला निमुळते फ्यूज असतात. ते उडालेले नसले तरी टोकांवर काळसर थर चढतो आणि करंट अडतो. फ्यूज जागच्या जागी बोटाने फिरवा. एवढ्यानेच अँटेना चालू झाला तर सगळे फ्यूज काढून त्यांच्या पकडी बारीक सँडपेपरने साफ करा. नवा फ्यूज टाकताना झाकणावर छापलेलाच आकडा घ्या. तो लगेच पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका. वायर कुठेतरी पत्र्याला चिकटली आहे. इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या गाडीतली आग अशाच तारेने लागते.

दांडी धुणं: अर्धी समस्या इथेच संपते

माळव्यातली उन्हाळ्याची धूळ अतिशय बारीक असते. काळ्या मातीची ही धूळ नळ्यांच्या सांध्यांत बसते, पावसाळ्याचा पहिला शिडकावा झाला की तिचा लेप होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून कडक होतो. त्यात आपल्याकडे रंगपंचमी. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा टँकरने रंग उडतो आणि गुलालाचे ढग उठतात. जवळपासच्या गल्लीत गाडी उभी असेल तर दांडीच्या सांध्यांत गुलालाची पेस्ट बसलीच समजा. रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या दांड्या गुलाबी असतात. गेरच्या आधी एवढंच करा: रेडिओ बंद करून दांडी पूर्ण खाली घ्या आणि वरच्या टोपीवर मास्किंग टेपची चिकटपट्टी लावा.

साफ करताना दांडी पूर्ण वर घ्या. वर येत नसेल तर रेडिओ चालू ठेवून, मोटर फिरत असतानाच, हाताने सरळ वरच्या दिशेला हलका आधार द्या. जोर लावून ओढू नका. दोरीचे दात त्याच वेळी सोलले जातात. दांडी वर आली की अँटेनाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे ती मध्येच खाली जाणार नाही. आता जुन्या सुती कापडावर डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेल घ्या आणि खालच्या जाड नळीपासून वरच्या बारीक नळीपर्यंत, प्रत्येक सांध्याभोवती पिळ देऊन पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत पुसत राहा. मग कोरड्या कापडाने सगळं तेल काढून टाका. फ्यूज लावा, वर-खाली करा, पुन्हा पुसा. आतला मळ दर फेरीला थोडा थोडा वर येतो, म्हणून एकदा पुसून भागत नाही.

ग्रीस लावू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण लोक प्रेमाने ग्रीस लावतात आणि पुढच्या महिन्यात त्यावर धूळ बसून दांडी पहिल्यापेक्षा घट्ट होते. फार तर सिलिकॉनचा स्प्रे कापडावर घेऊन पुसट हात फिरवा.

साफ करतानाच दांडी सरळ आहे का ते बघा. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. किंचित बाक हाताने काढता येतो, पण नळीला घडी पडली असेल, चुरगळली असेल, तर ती पुन्हा दुसऱ्या नळीत जाणार नाही. सरळ करण्यात वेळ घालवू नका, नवी दांडी मागवा.

जोडणी आणि अर्थिंग

आता टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर लागेल. १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी घेऊन टेस्ट लॅम्प घरीही बनतो. महाराणी रोडवर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार मिळतो. या कामाला मला मल्टीमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प जास्त आवडतो, कारण तो प्रत्यक्ष करंट ओढतो. गंजलेल्या, एका धाग्यावर लटकलेल्या वायरीवरही मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. बल्ब मंद जळला की खरं कळतं.

अँटेनाचा प्लग काढा. बल्बचं एक टोक गाडीच्या स्वच्छ पत्र्याला, दुसरं कायमच्या वायरीवर. चावी काढलेली असतानाही लख्ख जळला पाहिजे. मग इशाऱ्याच्या वायरीवर: रेडिओ चालू केल्यावर जळला पाहिजे, बंद केल्यावर विझला पाहिजे. नव्या स्टिरिओची गाडी असेल तर इशाऱ्याच्या वायरीसाठी मल्टीमीटर घ्या, कारण तो आउटपुट नाजूक असतो. शेवटी अर्थ: बल्बचं एक टोक कायमच्या वायरीवर आणि दुसरं पत्र्याऐवजी प्लगमधल्या अर्थच्या वायरीवर. पत्र्यावर लख्ख आणि इथे मंद जळला तर अर्थिंग खराब. तो स्क्रू शोधा, काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून थोडं व्हॅसलिन लावा.

तिन्ही ठीक असतील तर बाहेरचं सगळं ठीक आहे, दोष अँटेनाच्या आत आहे. इशारा येत नसेल तर रेडिओच्या मागे जा. ठरावीक आयएसओ प्लग असेल तर आठ पिनांच्या विजेच्या प्लगात ५ नंबरची पिन अँटेनाची, ८ नंबरची अर्थची. ४ आणि ७ कायमच्या आणि चावीच्या करंटच्या. काही गाड्यांत या दोन अदलाबदल असतात, म्हणून मोजूनच जोडा.

नव्या स्टिरिओला सहसा एक निळी वायर असते आणि एक निळी-पांढरी. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी अँप्लिफायरसाठी. निळीवर जोडलं तर बहुतेक स्टिरिओ फक्त रेडिओ चालू असताना इशारा देतात, मोबाइलवर गेलं की दांडी खाली. निळी-पांढरीवर जोडलं तर स्टिरिओ चालू आहे तोवर दांडी वर. माझ्या मते निळीच बरोबर. दांडी जितकी कमी वेळ वर राहील तितकी ती फांद्यांपासून, पतंगाच्या मांजापासून आणि पोरांच्या हातांपासून वाचते. चावीच्या वायरीवर जोडू नका. चावी फिरवली की दांडी वर येणार म्हणजे दिवसभर विनाकारण झीज.

एक इशारा इथे फार महत्त्वाचा आहे. काही जुन्या अँटेनांना डॅशबोर्डवर वर-खाली असा वेगळा स्विच असतो आणि मोटरला दोनच वायरी. त्यांच्यात रिले नसतो, स्विचच ध्रुव उलटे करून मोटर फिरवतो. असा अँटेना स्टिरिओच्या निळ्या वायरीला थेट जोडलात तर स्टिरिओचा तो आउटपुट जळेल. ती वायर फक्त रिलेला इशारा देण्यापुरता करंट पुरवते, मोटर ओढायला नाही. मधे रिले घालणं वायरिंग नीट समजणाऱ्याचं काम, ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बॅटरीची वायर काढण्याआधी आणखी एक गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात आलेल्या बऱ्याच बेकर आणि ब्लाउपुंक्ट रेडिओंना कोड असतो. बॅटरी निघाली की रेडिओ कोड मागतो, आणि तो नसला की रेडिओ मुका. आधी गाडीच्या कागदपत्रांत कोडचं कार्ड शोधा. नसेल तर बॅटरी काढू नका, फक्त अँटेनाचा फ्यूज काढून काम करा.

पाण्याची नळी

डिकीत किंवा फेंडरच्या आत अँटेनाच्या बुडाला एक रबरी नळी असते, ती पाणी बाहेर सोडते. दांडीच्या बाजूने पाणी आत शिरणारच. नळी मोकळी असेल तर ते निथळून जातं. नळी चिखलाने बुजली की पाणी वर चढतं, गिअरच्या डबीत साचतं, ग्रीसचा पांढरा चिखल होतो आणि लिमिट स्विच हिरवे पडतात. मोटर खरोखर मरते ती याच वाटेने. दर पावसाळ्याआधी दांडीच्या वरून दोन चमचे पाणी सोडा आणि ते खालून बाहेर येतंय ना ते बघा. येत नसेल तर पातळ, मऊ वायर नळीतून फिरवा. कॉम्प्रेसरची हवा खालून वर मारू नका, सगळा चिखल मोटरकडे जाईल.

दोरी तुटली असेल तर

इथपर्यंत फारसा खर्च झालेला नाही. दोरी सुटी मिळणं कठीण, ती दांडीसकटच येते, आणि दांडीची किंमत पूर्ण संचाच्या मानाने किरकोळ असते. मागवण्याआधी हे मोजा: दांडी पूर्ण उघडल्यावर किती लांब, मिटल्यावर किती, किती नळ्या, दोरी किती जाड, दोन दातांमधलं अंतर किती, आणि दात एका बाजूला आहेत का. शेवटचे दोन आकडे न जुळणारी दांडी बसल्यासारखी वाटते, चार दिवस चालते आणि गिअरचे दात खाऊन जाते. शक्य असेल तर तुटलेला तुकडा दुकानात सोबत न्या आणि दात दातावर ठेवून बघा.

बसवताना दोन माणसं हवीत. नटाभोवती रंगावर मास्किंग टेप लावा. वरचा नट सर्क्लिपच्या पकडीने सोडवा; साधी पक्कड घसरली की फेंडरवर कायमचा ओरखडा. आता आतल्या माणसाने रेडिओ लावायचा, मोटर दोरी बाहेर ढकलेल, आणि तुम्ही दांडी सरळ वर ओढत बाहेर काढायची. निघालेली दोरी नव्या दोरीशेजारी धरा. लांबी जुळली तर आत काही राहिलं नाही. कमी भरली तर उरलेला तुकडा डबीत आहे, आणि तो काढल्याशिवाय नवी दोरी घालू नका. ती आत त्याच तुकड्यात गुंतते आणि दुसऱ्या दिवशी तीही तुटते.

आत काही नसेल तर नवी दांडी पूर्ण उघडा, दोरी नळीत सोडा, दात गिअरच्या बाजूला. कुठपर्यंत जाते ते हाताला कळतं. तिथे टेकली की आतल्या माणसाला रेडिओ बंद करायला सांगा. मोटर उलट फिरेल आणि दोरी ओढून घेईल. ओढली नाही तर दोरी थोडी फिरवून दाताची बाजू बदला, रेडिओ चालू करून पुन्हा बंद करा. दांडीला जोराने ढकलू नका, नुसती सरळ धरून तिच्यासोबत हात खाली येऊ द्या. शेवटची बोटभर दांडी बाहेर राहिली तर घाबरू नका. नट लावा आणि दोन-तीन वेळा पूर्ण वर-खाली करा, क्लच घसरून ती आपली जागा घेते.

संच उघडावा लागला तर

डबी उघडायची ती दोन कारणांनी: तुटलेला तुकडा आत आहे, किंवा तिन्ही वायरी ठीक असूनही मोटर हलत नाही. डिकीतला संच काढणं सोपं आहे: वरचा नट, खालचा कंसाचा बोल्ट, प्लग आणि अँटेनाची वायर. पुढच्या फेंडरमधला काढायला चाक आणि आतलं पत्र्याचं कव्हर उतरवावं लागतं. जॅकवर उभ्या गाडीखाली एकट्याने हात घालू नका, ते काम गॅरेजवर करून घ्या.

टेबलावर पांढरं कापड अंथरा आणि प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढत उघडा. क्लचमध्ये स्प्रिंग असते, ती उडते. तुकडा काढा, जुनं घट्ट ग्रीस पुसा, गिअरचे दात बोटाने तपासा. धातूचे भाग रॉकेलने धुवा, प्लास्टिकवर पेट्रोल लावू नका. दातांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरे. लिमिट स्विचची टोकं काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. मोटर थांबत नाही ही तक्रार बहुतेक यानेच जाते. रिलेच्या सर्किटवर डाख तडकलेला दिसतो का ते भिंगाने बघा. सोल्डरिंगचा हात असेल तरच तो पुन्हा द्या.

मोटर सुटी करून बॅटरीच्या दोन टोकांना क्षणभर लावा, मग टोकं उलटी करून. दोन्हीकडे फिरली तर मोटर जिवंत आहे. फिरली नाही तर कार्बन बघा.

दांडी ठीक, पण स्टेशन लागत नाही

९८.३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.०५ मीटर, तिचा चौथा भाग ७६ सेंटिमीटर. एफएमसाठी दांडी एवढी असली की उत्तम, आणि म्हणूनच पूर्ण उघडलेली दांडी पाऊण मीटरच्या आसपास असते. अर्ध्यात अडकलेली दांडी शहरात चालून जाते, महूच्या पुढे घाटाकडे निघालात की खरखर सुरू. मीडियम वेव्हचं गणित पूर्ण वेगळं. इंदूर आकाशवाणीचा ६४८ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. त्या लहरीची लांबी ४६० मीटरच्या पुढे, तिच्या मानाने कोणतीही दांडी नगण्यच. तिथे वायर, अर्थ आणि रेडिओचं जुळणं यावर सगळं अवलंबून असतं.

रेडिओकडचा अँटेनाचा प्लग काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. प्लगच्या मधल्या पिनेपासून दांडीपर्यंत जवळजवळ शून्य. मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात जोड असता कामा नये. असली तर पाणी शिरलंय किंवा वायर चेपली आहे. बाहेरच्या कडीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत शून्य.

तिसरी तपासणी नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हमखास चुकते. डेंटर-पेंटरने काम सुंदर केलेलं असतं, पण फेंडरच्या आतल्या बाजूलाही रंग गेलेला असतो आणि अँटेनाच्या दातेरी कंसाला उघडा पत्रा मिळत नाही. 'रंगकाम झाल्यापासून रेडिओ बिघडला' असं कोणी म्हटलं की मी सरळ तिथे जातो. कंसाखाली, आतून, नाण्याएवढी जागा खरवडा आणि नट आवळा. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी चिंईं अशी शिट्टीही बरेचदा यानेच जाते.

मीडियम वेव्ह तरीही क्षीण असेल तर जुन्या रेडिओवर अँटेना ट्रिमरचा, म्हणजे रेडिओ अँटेनाशी जुळवण्याचा, बारीक स्क्रू शोधा. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन लावा, दांडी पूर्ण वर, आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे स्क्रू सोडा. दांडी किंवा वायर बदलली की हे पुन्हा करावं लागतं.

कुठे थांबायचं

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय, तिथे थांबा. जळका वास आला, वायरीचं आवरण मऊ झालंय, तिथे थांबा. बॅटरीची वायर काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. अँटेनाच्या भोकाभोवती रंग फुगलाय, बोटाने दाबल्यावर पत्रा कुरकुरतो, तर आधी डेंटरकडे जा. गंजलेल्या पत्र्यावर नवा नट आवळलात तर भोक मोठं होईल. मोटरची वाइंडिंग गेली, गिअरचे दात सपाट झाले किंवा सर्किट पाण्याने खाल्लं, तर ते काम जुने कार रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं.

त्याच्याकडे जाताना काय काय तपासलं आणि कुठे किती व्होल्ट आले ते कागदावर लिहून न्या. त्याचा वेळ वाचतो आणि 'मोटर गेली' असं सरसकट उत्तर ऐकावं लागत नाही. आणि संच बदलायचाच ठरला, तरी जुनी मोटर, गिअर, कंस आणि वरचा क्रोमचा नट दुकानात सोडून येऊ नका. पिशवीत घालून घरी आणा. त्या मॉडेलचा सुटा भाग पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.